अलाबास्त्र कुपी

झावळ्यांच्या रविवाराच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या निवासस्थानी तीन खोकी येऊन पडली. पास्काची मेणबत्ती आम्ही मुंबईहून मागवली होती आणि तिची वाट पाहून आमचा जीव टांगणीला लागला होता. त्यामुळे वरचा पत्ता पुरता न वाचताच आम्ही पहिले खोके कात्रीने उघडले. आत मेणबत्ती नव्हती. आत होत्या काचेच्या लहानमोठ्या कुप्या, मलमांच्या नळ्या, केसांचे एक तेल आणि ओठांना लावायच्या रंगाच्या अकरा कांड्या, लाल रंगाच्या अकरा छटांच्या. आमचा स्वयंपाकी दारात उभा होता. त्याने एकदा खोक्याकडे व एकदा आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता तो आत निघून गेला.

संध्याकाळी खोक्यांची मालकीण धावतपळत आली. ती आमच्याच धर्मग्रामातील लेक. मुंबईच्या उपनगरात राहते आणि नियतकालिकांतून सौंदर्यप्रसाधनांवर लिहिते. पवित्र सप्ताहात ती न चुकता आईकडे येते. आई पहाटेच्या गाडीने मोगऱ्याच्या व सोनचाफ्याच्या टोपल्या घेऊन दादरच्या फुलबाजारात जाते, परतली की वाडीत असते; घराला कुलूप असते. म्हणून लेकीने आपल्या टपालावर ‘द्वारा प्रमुख धर्मगुरू’ असा पत्ता घातला होता. आम्हांला विचारायचे मात्र तिच्याकडून राहून गेले होते. तिने क्षमा मागितली, आम्हीही खोके फोडल्याबद्दल क्षमा मागितली आणि दोघांनाही हसू आले. त्या सप्ताहात क्षमा मागण्याचा प्रसंग आमच्यावर पुन्हा येणार होता आणि तेव्हा हसू येणार नव्हते, हे त्या संध्याकाळी आम्हांला ठाऊक नव्हते.

या लेखातील सर्व मंडळींना आम्ही तो वाचून दाखवला आहे व त्यांच्या अनुमतीनेच तो छापावयास देत आहोत. कोणाचेही नाव आम्ही दिलेले नाही.

तोंडाला लावायच्या वस्तूंवर दर आठवड्याला लिहिण्यासारखे असते तरी काय, असे आम्ही तिला विचारले. “फादर, तुमच्या त्रैमासिकात पुस्तकांची परीक्षणे येतात ना, तशी मी डब्यांची परीक्षणे लिहिते,” ती म्हणाली. कंपन्या नवा माल बाजारात आणण्यापूर्वी तिच्याकडे नमुने पाठवतात. एका वेळी एकच वस्तू ती स्वतःच्या त्वचेवर वापरते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून दोन दिवस थांबते. खाज वा लाली आली नाही, तरच चेहऱ्याला लावते आणि काही आठवडे वापरल्यावाचून एक ओळही लिहीत नाही. जाहिरातीचा मजकूर ती बाजूला ठेवते आणि डब्याच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचते. घटकद्रव्यांच्या यादीत जे सर्वांत अधिक असते ते आधी येते. सोन्याचे नाव पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असते, पण मागच्या यादीत ते अगदी शेवटी असते आणि आरंभी बहुधा पाणीच असते, असे ती सांगत होती. ते ऐकताना, काही माणसांच्या दानधर्माचीही गत अशीच असते, हा विचार आमच्या मनात येऊन गेला.

मग तिने एक डबी उलटी करून तळाशी छापलेले चिन्ह दाखवले. झाकण उघडलेल्या बरणीचे एक लहानसे चित्र आणि त्यात ‘१२ एम’ अशी खूण. डबी एकदा उघडली की बारा महिन्यांत वापरून संपवावी, असा त्याचा अर्थ. आम्ही ते चित्र बराच वेळ पाहत राहिलो. आमच्याही कपाटात तीन कुप्या आहेत आणि त्यांचीही मुदत बारा महिन्यांचीच आहे.

पवित्र सप्ताहात वा त्याच्या सुमारास महागुरुस्वामी आपल्या सर्व धर्मगुरूंसह अभ्यंगतेलांची मिस्सा अर्पण करतात, हे वाचक जाणतातच. दीक्षार्थींचे तेल, रुग्णांचे तेल आणि ख्रिस्माचे तेल अशी तीन तेले तेथून प्रत्येक धर्मग्रामात येतात. ऑलिव्हचेच तेल हवे हा जुना नियम १९७० साली सैल झाला. ते मिळणे कठीण असेल तेथे अन्य वनस्पतींचे तेलही चालते. ख्रिस्माच्या तेलात महागुरुस्वामी सुगंधी द्रव्य मिसळतात आणि पात्राच्या तोंडाशी वाकून त्यावर श्वास फुंकतात. नवे तेल आले की गेल्या वर्षीचे जुने तेल आम्ही दिव्यात जाळून संपवतो. इतकी वर्षे आम्ही हे करीत आलो आहोत. परंतु ज्या वस्तूने आम्ही अर्भकाचे मस्तक, दृढीकरणार्थीचे कपाळ आणि नव्या धर्मगुरूचे तळहात माखतो, ती तेल आणि अत्तर यांचे मिश्रण आहे, साध्या शब्दांत सांगायचे तर एक प्रसाधन आहे, हे आम्हांला एका परक्या डबीच्या तळाने सुचवले.

सोमवार उजाडला. पवित्र सप्ताहातील सोमवारचे शुभवर्तमान योहानाच्या बाराव्या अध्यायातील आहे. बेथानी येथे मरिया येशूच्या चरणांना जटामांसीचे सुगंधी तेल लावते आणि आपल्या केसांनी ते चरण पुसते. मार्कच्या शुभवर्तमानात ही कथा थोडी निराळी आहे. तेथे एक अनाम स्त्री अलाबास्त्र कुपी फोडून येशूच्या मस्तकावर तेल ओतते. योहानाच्या म्हणण्याप्रमाणे तेल एक लित्रा होते, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ३२७ ग्रॅम, आणि त्याची किंमत होती तीनशे दीनार. द्राक्षमळ्यातील मजुराला दिवसाचा एक दीनार मिळे, यावरून हिशेब केला तर ही मजुराची जवळपास वर्षाची कमाई झाली. ही उधळपट्टी कशाला, हे पैसे गरिबांना का दिले नाहीत, असे यहुदा विचारतो.

मिस्सा झाल्यावर ती बाई सॅक्रिस्टीच्या दाराशी आली. हातात खोक्यातले केसांचे तेल होते. तिने बोट ठेवून वाचायला सांगितले आणि आम्ही चष्मा सावरून वाचले: जटामांसी. हिमालयात तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर वाढणाऱ्या या वनस्पतीच्या मुळांपासून ते तेल निघते. बेथानीच्या घरात जो सुगंध दरवळला, तो इतक्या दूरवरून, व्यापाऱ्यांच्या कित्येक हातांतून तेथे पोहोचला असला पाहिजे. आज ही वनस्पती रानातून इतकी ओरबाडली गेली आहे की तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, असेही तिने सांगितले. आम्ही सेमिनरीत चार वर्षे ईश्वरविज्ञान शिकलो, या उताऱ्यावर निबंध लिहिला. पण जटामांसी म्हणजे आपल्याच उत्तरेकडच्या डोंगरातील एक झुडूप, हे आम्हांला एका सौंदर्यलेखिकेने सांगावे लागले.

तेल दाखवून झाले तरी ती जाईना. हातातील कुपी उगाच फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, “फादर, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“सांग, बाय.”

“आमच्या शेजारची मुलगी. गायकवृंदात पहिल्या रांगेत उभी राहायची, ती. काल झावळ्यांना आली नाही. पाच आठवडे ती चर्चला आलेली नाही. तुमच्या प्रवचनानंतर.”

कोणते प्रवचन, हे आम्ही विचारले नाही. ते आम्हांला ठाऊक होते. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी आम्ही देहाच्या नटवेपणावर बोललो होतो. प्रवचन चांगले वठले होते. निदान आमचा तसा समज होता. दुसऱ्या राजांच्या पुस्तकातील ईजबेल डोळ्यांत काजळ घालून खिडकीत बसते, तिचे उदाहरण आम्ही दिले. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजचा तेर्तुलियन याने स्त्रियांच्या साजशृंगारावर दोन पुस्तके लिहिली, त्यांचा उल्लेख केला. लिमाची संत रोझ हिच्या सौंदर्याची लोक स्तुती करू लागले तेव्हा तिने मिरपूड चोळून आपला चेहरा विद्रूप केला, ही परंपरेने चालत आलेली कथाही सांगितली. आणि शेवटी, उपवासाच्या दिवसांत तोंडाला रंगाचे थर देऊन प्रभूच्या वेदीसमोर उभे राहणाऱ्यांनी आपण कोणाला फसवीत आहोत याचा विचार करावा, असे म्हणालो.

हे म्हणताना आम्ही कोणाकडे पाहिले का? त्या मुलीला वाटले, आम्ही तिच्याकडे पाहिले. “तिचा तसा समज झाला असेल,” असे म्हणून आम्हांला सुटता आले असते. पण खरे सांगायचे तर आमची नजर तिच्यावर गेली होती. तिच्या चेहऱ्यावर जाड लेप होता, इतर मुलींपेक्षा पुष्कळ जाड. तो पाहूनच ते शेवटचे वाक्य आम्हांला सुचले होते. ते आमच्या टिपणात नव्हते.

“तो लेप कशासाठी होता, ठाऊक आहे, फादर?” तिने विचारले, आणि सांगितले.

मुलगी सावळी. तिचे लग्न ठरले तेव्हा मुलाकडच्या कोणीतरी, मुलगी गुणाची आहे, रंग तेवढा उजळ हवा होता, असे म्हटले. म्हणणाऱ्याच्या ते लक्षातही नसेल. पुढे एका मैत्रिणीने एका मलमाचे नाव सांगितले. ते सौंदर्यप्रसाधन नव्हते. त्वचेच्या विकारावरील औषध होते, स्टिरॉइड असलेले. अशी बरीच मलमे २०१८ साली केंद्र सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत अशा औषधांच्या यादीत घातली. तरी तिला ते चिठ्ठीवाचून मिळत गेले. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला. घरचे, शेजारचे, आमच्या चर्चच्या आवारातले सारे तिला तसे म्हणाले. ती लावीत गेली. वर्षभराने त्वचा कागदासारखी पातळ झाली, गालांवर तांबड्या शिरांचे जाळे उमटले, पुरळ आले, लव वाढली. ऊन लागले की चेहरा भाजल्यासारखा होई. मलम थांबवावे तर दोन दिवसांत आग दुप्पट होई, म्हणून पुन्हा लावावे. या औषधांचा असा घात असतो. त्या रविवारी ती जो लेप लावून आली होती, तो सुंदर दिसण्यासाठी लावलेलाच नव्हता.

आम्ही रात्री जेवलो नाही. राखेच्या बुधवारी आम्हीच मोठ्याने वाचलेले शुभवर्तमान आम्हांला आठवले. उपवास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, उदास चेहरा करू नकोस, असे तेथे प्रभू सांगतो. मत्तयाचा सहावा अध्याय. बुधवारी तो वाचला आणि चौथ्या दिवशी आम्ही त्याच्या उलट प्रवचन केले. एस्तेर राजासमोर जाण्यापूर्वी बारा महिने गंधरसाने व सुगंधी द्रव्यांनी सजवली गेली, यहुदिथ आपल्या नगराला वाचवण्यासाठी नटूनथटून निघाली. दोघींची पुस्तके आमच्या बायबलात आहेत. आम्ही मात्र शोधून शोधून ईजबेल काढली होती. लिमाच्या रोझने आपल्याकडे कोणी पाहू नये म्हणून मिरपूड चोळली. आमच्या मुलीने आपल्याला कोणी नाकारू नये म्हणून औषध चोळले. आणि ती भाजलेली समोर उभी असताना आम्ही तिला रोझची गोष्ट सांगितली.

बुधवारी दुपारी आम्ही तिच्या घरी गेलो. तिच्या आईने लगबगीने खुर्ची पुसली, चहा ठेवला. मुलगी आतल्या खोलीच्या दारात ओढणी गालांवरून घेऊन उभी राहिली. आम्ही जे बोलायचे ठरवून आलो होतो, ते सारे विसरलो. “मी त्या दिवशी तुझ्याकडे पाहिले होते. ते वाक्य तुझ्याकडे पाहूनच बोललो. मी चुकलो. मला क्षमा कर.” इतकेच आम्ही म्हणालो. लिहिताना आम्ही ‘आम्ही’ लिहितो, ही आमची जुनी सवय. पण त्या दारात ‘आम्ही’ तोंडातून निघाले नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “फादर, काही न लावता आले असते, तर सगळ्यांनी विचारले असते, तोंडाला काय झाले. लावून आले, तर तुम्ही बोललात. मी कुठला चेहरा घेऊन यायचा होता?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. चहा घेऊन आम्ही उठलो. क्षमा केली असे ती म्हणाली नाही आणि आम्हीही पुन्हा विचारले नाही. पापनिवेदनाच्या खुर्चीत दुसऱ्या बाजूला बसणाऱ्याला काय वाटते, हे त्या दिवशी आम्हांला नव्याने कळले.

दरम्यान त्या सौंदर्यलेखिकेने आमची वाट पाहिली नव्हती. मंगळवारीच तिने आमच्या कॉन्व्हेंटच्या दवाखान्यातील सिस्टरांची ओळख करून घेतली आणि दोघी त्या मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. मलम एकदम न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवायचे असते, त्वचा सावरायला कित्येक महिने लागतात, तोवर उन्हापासून जपायचे, असे डॉक्टरांनी सांगितले. सिस्टर साठीच्या, आयुष्यात पावडरीचा डबा त्यांनी हाती घेतला नसेल. लेखिकेचे ओठ त्या दिवशी अकरा छटांपैकी एका छटेत रंगलेले. परंतु गुरुवारी सकाळी आम्ही सभागृहात डोकावलो तेव्हा दोघी एकाच बाकावर डोक्याला डोके लावून काही लिहीत होत्या आणि समोर ती मुलगी बसली होती. तिचे अक्षर सुरेख आहे. कच्च्या मजकुराची स्वच्छ प्रत ती करीत होती.

ते एका पानाचे पत्रक होते. पास्काच्या रविवारी वाटायच्या आमच्या साप्ताहिक पत्रिकेच्या मागच्या बाजूला ते छापावे, अशी त्यांची मागणी होती. त्यातील मजकूर येथे थोडक्यात देतो, कारण तो प्रत्येक घरात उपयोगी पडेल.

ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, उत्पादनाचा क्रमांक व तारीख नाही, ती घेऊ नये. ज्या नळीवर लाल उभी रेघ आहे वा बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांसारखे नाव आहे, ते औषध आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते चेहऱ्याला लावू नये, आणि लावीत असल्यास आपल्या मनाने थांबवूही नये, डॉक्टरांना दाखवावे. त्वचा झपाट्याने गोरी करणाऱ्या काही मलमांत पारा असतो. २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार आपल्या देशात चेहऱ्याच्या प्रसाधनात पारा घालण्यास बंदी आहे. नकळत आलेला अंशही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. नवी वस्तू आधी हातावर लावून पाहावी. उन्हापासून रक्षण करणाऱ्या मलमावर एसपीएफ असा आकडा असतो. ३० चे मलम त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते आणि ५० चे सुमारे ९८ टक्के. म्हणून मोठ्या आकड्यामागे धावण्यापेक्षा ते पुरेसे लावावे आणि वाडीत काम करताना डोक्यावर टोपी व अंगात पूर्ण बाह्यांचा कपडा असावा.

शेवटी एक वाक्य होते: सावळा रंग हा आजार नाही, त्यावर औषध नाही व नको. हे वाक्य कोणाचे, असे आम्ही विचारले. मुलीने मान वर न करता लेखणी किंचित उचलून दाखवली.

ते वाचून आम्हांला जाणवले की या पत्रकात आमच्यासाठीही एक कलम हवे होते. देशातील एका अतिशय खपाच्या मलमाने २०२० साली आपल्या नावातून गोरेपणाचा शब्द काढून टाकला. नाव काढणे सोपे असते. विवाहेच्छूंच्या जाहिरातींतून, बघण्याच्या कार्यक्रमांतून, बाळ जन्मल्यावर पाळण्यात डोकावून बोलल्या जाणाऱ्या पहिल्या वाक्यातून तो शब्द कोण काढणार? लग्नाच्या अर्जांवर आम्ही सह्या करतो. सोयरिकीच्या गोष्टी आमच्यासमोर होतात. ‘रंग तेवढा उजळ हवा होता’ हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे आणि हसून सोडून दिले आहे. लेपावर आम्ही प्रवचन केले. या वाक्यावर एकदाही केले नव्हते.

शुभ शुक्रवारी ती लेखिका काहीही न लावता आली. ही तिच्या आईची शिकवण. आई वर्षभर दुसऱ्यांच्या गजऱ्यांसाठी कळ्या तोडते, स्वतःच्या अंबाड्यातही वेणी माळते. पण शुभ शुक्रवारी तिच्या केसांत फूल नसते. मोगरा मात्र शुक्रवार पाळत नाही. कळी त्या दिवशीही भरते आणि तोडावीच लागते. त्या कळ्या ती दादरला नेत नाही. ओल्या फडक्यात बांधून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी चर्चला देते. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी घरे या फुलांवर उभी राहिली, मुले शिकली, आम्हांला दक्षिणा मिळाली. कोणा परक्या स्त्रीला सकाळी केसांत काहीतरी सुंदर माळावेसे वाटते, या एका इच्छेवर हे सारे चालले आहे. ती इच्छाच नटवी आहे, असे आम्ही त्यांच्याच मुलींना सांगत होतो.

त्या दिवशी दुःखसहनाचा इतिहास वाचताना शेवटाकडे निकदेम आला. गंधरस व अगरू यांचे मिश्रण तो आणतो, सुमारे शंभर लित्रा, म्हणजे तीस किलोहून अधिक. मृत देहासाठी. या वेळी कोणी किंमत विचारली नाही. आणि पुढे मार्क व लूक सांगतात त्याप्रमाणे, सप्ताहाच्या पहिल्या दिवशी पहाटे ज्या स्त्रिया कबरेकडे निघाल्या, त्यांच्या हातांत सुगंधी द्रव्येच होती. जिवंत प्रभूची वार्ता जगात पहिल्यांदा ऐकली ती या स्त्रियांनी, आणि प्रेषितांना ती बाष्कळ बडबड वाटली. प्रेषितांची ही चूक पुढे त्यांच्या वारसांनीही केली, त्यांत आम्हीही आलो.

शनिवारी रात्री पास्काचे जागरण झाले. आमची मेणबत्ती एकदाची शुक्रवारी पोहोचली होती. एका बालकाचा स्नानसंस्कार होता. नव्या ख्रिस्माचे तेल आम्ही त्याच्या टाळूला लावले, तेव्हा आईने वाकून त्याचे डोके हुंगले. वेदीवर मोगरा होता. गौरवगीताच्या वेळी घंटा वाजू लागल्या, दिवे लागले आणि त्या उजेडात आम्हांला दिसले की डाव्या बाजूच्या मागच्या बाकावर, सौंदर्यलेखिका आणि सिस्टर यांच्या मधोमध, ती मुलगी उभी आहे. चेहऱ्यावर काही नव्हते. गाल लाल होते.

ती गायली की नाही, हे आम्हांला सांगता येणार नाही. आम्ही पुन्हा त्या बाकाकडे पाहिले नाही. मुद्दामच पाहिले नाही.

प्रवचनात आम्ही थोडेच बोललो. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी या जागेवरून आपण काही माणसांच्या चेहऱ्यांचा न्याय केला, तो चुकीचा होता आणि त्याबद्दल आपण सर्वांची क्षमा मागतो, एवढे सांगितले. कोणाचे नाव घेतले नाही. ‘उजळ रंगा’च्या त्या वाक्यावर मात्र त्यानंतरच्या रविवारी सविस्तर बोललो. काही मंडळींना ते आवडले नाही, असे कानावर आले.

सोमवारी लेखिका मुंबईला परतली. जाताना तिने आमच्या मेजावर उन्हाच्या मलमाची एक नळी ठेवली. “मिरवणुकीत तुमचे टक्कल भाजते, फादर. आधी हातावर लावून बघा.” आम्ही सांगितल्याप्रमाणे दोन दिवस थांबून मग ते लावू लागलो. स्वयंपाक्याने ती नळीही पाहिली आहे, पण आता तो चहा वेळेवर आणतो.

परवा ती मुलगी आईसोबत कचेरीत आली होती. चेहरा अजून बरा झालेला नाही. डॉक्टरांनी पावसाळा संपेपर्यंतचा काळ सांगितला आहे. लग्नाची तारीख मात्र तिने पुढे ढकललेली नाही. होणाऱ्या नवऱ्याला तिने ओढणी काढून चेहरा दाखवला आणि सारे सांगितले. तो दर महिन्याला तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जातो. विवाहापूर्वी तीन रविवार वधूवरांची नावे चर्चमध्ये वाचून दाखवायची असतात. आमच्याकडे ते काम साहाय्यक धर्मगुरू करतात. अर्ज आमच्या हाती देऊन ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “फादर, माझे नाव तुम्हीच वाचा.”

आम्ही वाचणार आहोत. त्या वेळी तिच्याकडे पाहायचे की नाही, हे मात्र अजून आमचे ठरलेले नाही.